इनामगावचे लोक पुढे गेले कुठे? वस्त्या, साम्राज्ये आणि दख्खनची घडण

घोडकाठ (प्रश्न)

नमस्कार. मी घोड नदीच्या परिसरातील एका शाळेत गणित शिकवतो. इतिहास हा माझा विषय नाही. परंतु इनामगावचे पांढरीचे, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीचे, टेकाड शाळेपासून जवळ असल्यामुळे दरवर्षी सहावीच्या मुलांना तेथे घेऊन जाण्याचे काम माझ्याकडे येते. या वर्षी त्याच मुलांना आम्ही त्यानंतरच्या महिन्यात नाणेघाटही, तेथल्या सातवाहन राणीच्या कोरीव लेखासह, दाखवला. परतीच्या वाटेवर एका मुलीने विचारले, "सर, इनामगावचे लोक मग गेले कुठे? नाणेघाटातली राणी त्यांच्यातलीच का?" मला उत्तर देता आले नाही, आणि तेव्हापासून तो प्रश्न मनातून जात नाही.

माझी अडचण थोडी विस्ताराने मांडतो. पाठ्यपुस्तकांतून आपण हडप्पा, वेदकाळ, महाजनपदे, मौर्य अशा क्रमाने येतो आणि मग अचानक सातवाहन समोर उभे राहतात. त्यामुळे असे वाटू लागते, की दख्खनमध्ये त्यापूर्वी काही नव्हते, आणि जे आले ते मगधाच्या साम्राज्याबरोबर उत्तरेकडून आले. दुसरीकडे इनामगावच्या टेकाडावर उभे राहिले, की तीन हजार वर्षांपूर्वी येथे पाटाचे पाणी वापरून शेती करणारे गाव होते, हे डोळ्यांआड करता येत नाही. मग आपण जिला प्राचीन भारतीय संस्कृती म्हणतो, तिचा निदान दख्खनमधला भाग या जुन्या वसाहतींनी घडवला की साम्राज्यांनी? आणि दोहोंमध्ये काही धागा आहे का? जाणकारांनी मुलांना सांगता येईल असे, पण सोपे करण्याच्या नादात खोटे होणार नाही असे उत्तर द्यावे, ही विनंती.

प्रवराकाठ

आपल्या विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न दख्खनच्या पुरातत्त्वातला खरोखरच अवघड प्रश्न आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

इनामगाव हे एकटे गाव नव्हते. संगमनेर तालुक्यातील जोर्वे येथे १९५०-५१ मध्ये ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव या पुरातत्त्वज्ञांनी उत्खनन केले, आणि तेथे सापडलेल्या तांबड्या रंगाच्या, काळी नक्षी काढलेल्या आणि तोटी असलेल्या भांड्यांवरून या संस्कृतीला जोर्वे हे नाव मिळाले. तशीच भांडी वापरणाऱ्या वस्त्या नंतर नेवासे, चांदोली, दायमाबाद, प्रकाशे अशा ठिकाणी, म्हणजे प्रवरा, भीमा, गोदावरी आणि तापी यांच्या खोऱ्यांत सापडल्या. इनामगावचे उत्खनन पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८२ या काळात केले. तेथे वस्तीचे तीन टप्पे दिसतात: इसवी सनपूर्व सुमारे १६०० ते १४०० हा माळवा संस्कृतीचा, १४०० ते १००० हा आद्य जोर्वेचा आणि १००० ते ७०० हा उत्तर जोर्वेचा. मुलांना सांगताना हे आकडे जरूर सांगावेत, कारण आपण "इनामगावचे लोक" असे एका दमात म्हणतो, तेव्हा तो जवळजवळ नऊशे वर्षांचा काळ असतो.

त्यांतला मधला टप्पा समृद्धीचा होता. पुराचे पाणी अडवणारा बांध आणि शेतीकडे पाणी नेणारा पाट या काळातला आहे. मुख्य पीक सातू होते, त्याच्या जोडीला गहू आणि कडधान्ये होती. घरे चौकोनी आणि ऐसपैस होती. गावाच्या मध्यभागी पाच खोल्यांचे एक घर होते आणि त्याला लागून धान्याचे कोठार होते. याच घराच्या अंगणात चार पायांच्या, मातीच्या एका मोठ्या रांजणात मांडी घातलेल्या स्थितीत पुरलेला पुरुष सापडला. इतर प्रौढांना खड्ड्यात निजवून पुरताना त्यांचे पाय घोट्याखाली तोडलेले असत. या माणसाचे पाय मात्र शाबूत होते. तो गावाचा प्रमुख असावा, हे पुरातत्त्वज्ञ मधुकर केशव ढवळीकर यांचे अनुमान मला पटते. लहान मुलांना दोन रांजणांची तोंडे एकमेकांना भिडवून घराच्या जमिनीखालीच पुरत. मृत माणसाने घरापासून दूर जाऊ नये, अशी त्या आईबापांची इच्छा असावी, असे मला तो फोटो पाहताना दर वेळी वाटते.

आता आपल्या प्रश्नाकडे येतो. इसवी सनपूर्व १००० नंतर चौकोनी घरांच्या जागी लहान, गोल झोपड्या दिसू लागतात. शेतीपेक्षा पशुपालन आणि शिकार यांवरची भिस्त वाढते, आणि ७०० च्या सुमारास गाव ओस पडते. ढवळीकरांनी याचे कारण घटलेल्या पर्जन्यात शोधले. पर्जन्यछायेच्या प्रदेशात राहणाऱ्या आपल्याला ते समजणे अवघड नाही. लोक नाहीसे झाले नसणार. ते विखुरले, जनावरांमागे हिंडू लागले. परंतु वस्ती तुटली, तशी भांड्यांची घडण तुटली आणि पुरण्याची पद्धतही तुटली. म्हणून "नाणेघाटातली राणी त्यांच्यातलीच का?" या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर हेच आहे, की सरळ रेषा काढता येत नाही.

येथे एक सावधगिरीची सूचना करावीशी वाटते. इनामगावला मातीच्या डबीत ठेवलेली एक शिरविरहित स्त्रीमूर्ती आणि तिच्याबरोबर बैलाची मूर्ती सापडली. त्या मूर्तीपासून थेट तेर येथील लज्जागौरी या शिरविरहित देवीमूर्तीपर्यंत आणि तेथून आजच्या ग्रामदेवतांपर्यंत अखंड परंपरा सांगणारे लेखन मी बरेच वाचले आहे. मधली हजार वर्षे रिकामी असताना असे नाते जोडणे मोहक असले, तरी त्याला आधार लागतो, आणि दोन मूर्तींमधले दिसण्यातले साम्य एवढाच आधार पुरेसा नाही.

वैदर्भी

वरील प्रतिसाद चांगला आहे, परंतु "मधली हजार वर्षे रिकामी" हे विधान फक्त पश्चिम महाराष्ट्रापुरते खरे आहे, हे नम्रपणे नोंदवते. भीमेच्या खोऱ्यातील गावे ओस पडत होती, त्याच सुमारास विदर्भात लोखंड वापरणारे लोक राहत होते. नागपूरच्या आसपास माहुरझरी, जुनापाणी, टाकळघाट-खापा, नायकुंड येथे त्यांची शिळावर्तुळे, म्हणजे मृतांच्या पुरणाभोवती रचलेली दगडांची वर्तुळे, आजही माळावर दिसतात. नायकुंडला लोखंड गाळण्याची भट्टी सापडली आहे. शिळावर्तुळांत मृतांबरोबर लोखंडी कुऱ्हाडी आणि लाकूड तासायचे वाकस ठेवलेले आहेत, आणि माहुरझरीला तर घोडाही तांब्याच्या साजासह पुरलेला आढळला.

याचे महत्त्व असे, की खोल काळ्या जमिनीत शेती वाढवायची तर लोखंड लागते, आणि ते लोखंड या भागात मौर्यांच्या आधीच होते. पुढे विदर्भातल्याच पवनीला तटबंदीचे नगर आणि मोठा स्तूप उभा राहिला, तो ओसाड जागी नव्हे. साम्राज्य आले तेव्हा त्याला येथे लोहार, शेतकरी आणि वाटा तयार मिळाल्या. आपल्याकडे महाराष्ट्राचा प्राचीन इतिहास पुणे, नाशिक आणि पैठण एवढ्याच त्रिकोणात लिहिला जातो, आणि मग त्यात पोकळी दिसते. ती पोकळी आपल्या पाहण्यात आहे.

लेणीवाचक

मी कोरीव लेख वाचण्याचा छंद गेली अनेक वर्षे जोपासला आहे, त्यामुळे प्रश्नाच्या दुसऱ्या टोकाबद्दल, म्हणजे साम्राज्याने नेमके काय केले याबद्दल लिहितो. माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो: दख्खनमध्ये साम्राज्याने संस्कृती वरून आणून लावली नाही. त्याने विखुरलेल्या वस्त्यांना घाट, बाजार, दान आणि लेखन यांनी एकमेकींशी बांधले, आणि त्या बांधणीतून जे तयार झाले ते पुढे टिकले.

मौर्यांपासून सुरुवात करू. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा भगवानलाल इंद्रजी यांना १८८२ मध्ये मुंबईजवळच्या सोपाऱ्याला मिळाला आणि नवव्याचा तुकडा १९५६ मध्ये मिळाला. सोपारा हे बंदर होते. राजाचे शब्द बंदरावर कोरले गेले, ते तेथे माणसे आणि माल जमत होता म्हणून. त्या लेखांनी दख्खनला राज्यकारभार किती दिला हे मोजणे कठीण आहे, परंतु ब्राह्मी लिपी दिली, आणि पुढच्या दोन-तीन शतकांत ही लिपी राजाच्या हातातून व्यापारी, भिक्षुणी, सुतार, माळी अशा सर्वांच्या हाती गेली. माझ्या मते दख्खनच्या इतिहासातली ही सर्वांत मोठी घटना आहे.

नाणेघाटाचा लेख आपण मुलांना दाखवलाच आहे. जुन्नरहून कल्याणकडे उतरणाऱ्या या घाटाच्या तोंडाशी असलेल्या लेण्यात नागनिका राणीने, धर्म, इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य आणि चार लोकपाल यांना वंदन करून, अश्वमेध आणि राजसूय यांसारखे यज्ञ आणि त्यांत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती आणि कार्षापणे (त्या काळची नाणी) यांची नोंद करवली. वैदिक यज्ञांची ही नोंद प्राकृत भाषेत आहे आणि व्यापारी तांड्यांच्या वाटेवर आहे. सातवाहनांना आपली प्रतिष्ठा कोणासमोर मांडायची होती, हे त्या जागेवरून कळते.

परंतु साम्राज्याचे खरे काम पाहायचे असेल, तर नाशिकच्या पांडवलेण्यांत जावे. क्षहरात घराण्यातला क्षत्रप (शक सत्ताधीश) नहपान याचा जावई उषवदात हाही शक, म्हणजे मध्य आशियातून आलेल्या लोकांपैकी, होता. त्याने दहाव्या लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंसाठी, नहपानाच्या वर्ष ४२ मध्ये, गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे (कारागिरांच्या संघांकडे) ३,००० कार्षापणे कायमची ठेव म्हणून ठेवली: एका श्रेणीकडे २,००० आणि दुसरीकडे १,०००. पहिलीचे व्याज दरमहा शेकडा एक, दुसरीचे दरमहा शेकडा पाऊण. मुद्दल परत मागायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. पहिल्या ठेवीच्या व्याजातून वर्षावासातील, म्हणजे पावसाळ्यात तेथे मुक्काम करणाऱ्या, वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापणे चीवरासाठी (वस्त्रांसाठी) मिळायची. हे सर्व निगमसभेत (नगराच्या सभेत) ऐकवून फलकावर नोंदवले, असेही लेखात म्हटले आहे. आपण गणित शिकवता, तेव्हा हिशेब जुळतो का हे मुलांकडूनच करून घ्यावे. त्याच उषवदाताने पारदा, दमण, तापी, डहाणुका अशा नद्यांवर फुकट तरींची (होड्यांची) सोय केली. तापी आणि डहाणू ही नावे आजही तीच आहेत.

पुढे सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला. नाशिकजवळ जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये नहपानाच्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा मिळाला, आणि त्यांतील सुमारे दोन-तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा मारलेला आहे. राजा बदलला, पण चांदी वितळवली नाही, कारण बाजाराला तेच नाणे ओळखीचे होते. गावनावांचेही तसेच आहे. सातवाहन लेखांत कारभाराच्या विभागाला "आहार" म्हणतात, आणि गोवर्धन, मामाल, सोपारा असे आहार त्यांत येतात. मामाल म्हणजे आपले मावळ, आणि गोवर्धन हे नाशिकजवळचे गाव आजही त्याच नावाने आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहात वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल आणि धेनुकाकटाचे यवन दाते दिसतात. म्हणजे कर्नाटकातल्या बनवासीचा सावकार आणि परदेशी मुळाचा व्यापारी मावळातल्या एका डोंगरात शेजारी शेजारी नाव कोरून गेले. इनामगावच्या प्रमुखाचे कोठार त्याच्या गावापुरते होते. येथे दान, पत आणि नाव यांचा पल्ला गावाबाहेर गेला. हा फरक साम्राज्यामुळे पडला.

घोडकाठ

सर्वांचे मनापासून आभार. उत्तरे वाचून मुलीच्या प्रश्नापेक्षा माझेच प्रश्न वाढले. लेणीवाचक यांना एक विचारावेसे वाटते: गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री हिच्या नाशिकच्या लेखात त्याला "एकब्राह्मण" (अद्वितीय ब्राह्मण) आणि चातुर्वर्ण्याचा संकर थांबवणारा म्हटले आहे, असे मी वाचले होते. तो लेख तर बौद्ध भिक्षूंना दिलेल्या लेण्यात आहे. साम्राज्याने समाज बांधला असे आपण म्हणतो, तेव्हा हे वर्णाचे बंधनही त्याच बांधणीत धरायचे का? मुलांसमोर गोड चित्र उभे करून हा भाग वगळणे मला योग्य वाटत नाही.

लेणीवाचक

वगळूच नये. तो लेख गौतमीपुत्राचा मुलगा पुळुमावी याच्या एकोणिसाव्या राज्यवर्षातला आहे आणि ते लेणे बलश्रीने भद्रायणीय या बौद्ध पंथाच्या भिक्षूंना दिले. प्रशस्तीत क्षहरातांचा निर्वंश केल्याचा अभिमान आहे, शक, यवन, पल्हवांना चिरडल्याचा अभिमान आहे आणि वर्णसंकर थांबवल्याचाही आहे. वर्णव्यवस्थेचा अभिमान दगडावर कोरून मिरवणे, हा त्या साम्राज्याने घातलेला पायंडा आहे, आणि त्याचे परिणाम या भूमीवर फार माणसांनी भोगले आहेत.

मात्र त्या शब्दांच्या शेजारी कान्हेरीचा एक लेख ठेवून पाहावा. त्यात वासिष्ठीपुत्र सातकर्णी या सातवाहन राजाची राणी महाक्षत्रप रुद्र याची कन्या असल्याचे म्हटले आहे, आणि हा रुद्र म्हणजे शक राजा रुद्रदामन असे मानले जाते. म्हणजे शकांना चिरडल्याचे सांगणाऱ्या घराण्याने पुढे शकांचीच मुलगी सून म्हणून आणली. प्रशस्ती ही राजाला काय म्हणवून घ्यायचे होते ते सांगते, आणि दानलेख लोक कसे वागत होते ते सांगतो. दोन्ही वाचावे लागतात. राजे स्वतःला आईच्या गोत्रावरून गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र म्हणवत, ही गोष्टही मुलींना जरूर सांगावी.

गाथावाचक

चर्चेत भाषेचा उल्लेख ओझरताच झाला, म्हणून थोडी भर घालते. सातवाहनांनी आपले लेख प्राकृतात कोरले, म्हणून प्राकृत ही कारभाराची आणि प्रतिष्ठेची भाषा झाली. सातवाहन राजा हालाच्या नावावर असलेला गाथासप्तशती हा काव्यसंग्रह याच महाराष्ट्री प्राकृतात आहे, आणि त्यात राजवाड्यापेक्षा शेत, गोदाकाठ, पाऊस आणि घरची माणसे जास्त आहेत. पोटासाठी "पोट्ट" आणि तूप लावलेल्यासाठी "तुप्प" हे त्यातले शब्द वाचताना मला आपल्या स्वयंपाकघरातले बोलणे कानी आल्यासारखे होते. खेड्यांचे बोलणे साम्राज्याच्या आश्रयाने लिखित झाले नसते, तर मराठीला इतकी जुनी पूर्वपीठिका हाती लागली नसती, असे माझे ठाम मत आहे. वसाहत आणि साम्राज्य यांपैकी एक निवडा, असा प्रश्न मला म्हणूनच पटत नाही.

पुढे विदर्भात वाकाटकांच्या ताम्रपटांची भाषा संस्कृत झाली, तरी त्यांच्यातल्याच दुसऱ्या प्रवरसेनाने सेतुबंध हे काव्य प्राकृतात रचले. दरबाराची भाषा बदलली म्हणून रसिकांची भाषा लगेच सुटली नाही.

घोडकाठ

काल वर्गात उषवदाताचा हिशेब फळ्यावर लिहिला, उत्तर मात्र सांगितले नाही. दोन हजारांवर दरमहा शेकडा एक म्हणजे वीस, वर्षाचे दोनशे चाळीस, आणि वीस भिक्षूंना बारा-बारा म्हणजे तेही दोनशे चाळीस. हिशेब जुळला तेव्हा मुलांना झालेला आनंद पाहण्यासारखा होता. दगडावरचा आकडा आपल्या वहीत खरा ठरतो, याचे त्यांना फार अप्रूप वाटले. इनामगावबद्दल मी त्यांना सांगितले, की ते लोक विखुरले आणि पुढच्या लोकांशी त्यांची सरळ रेषा काढता येत नाही. त्यावर त्याच मुलीने विचारले, "पण सर, ठेव कायमची होती ना? मग राजा हरल्यावर विणकरांनी व्याज दिले का?"

लेणीवाचक

त्या ठेवीचे पुढे काय झाले हे लेख सांगत नाही, पण तिला हे मात्र सांगा. सातवाहनांनंतर नाशिकवर आभीरांची सत्ता आली. आभीर मूळचे गुराखी म्हणून ओळखले जाणारे लोक. ईश्वरसेन या आभीर राजाच्या नवव्या वर्षी विष्णुदत्ता नावाच्या शक उपासिकेने पुन्हा गोवर्धनातल्याच श्रेणींकडे कायमची ठेव ठेवली. त्या श्रेणींमध्ये कुंभार होते, पाण्याची यंत्रे करणारे होते आणि तेली होते. क्षहरात गेले, सातवाहन गेले, तरी गोवर्धनच्या कारागिरांच्या शब्दावर पैसे ठेवण्याइतका विश्वास त्या स्त्रीला वाटत होता. तिची ठेव आजारी भिक्षूंच्या औषधपाण्यासाठी होती.